डबीर मास्तरांचं आभाळ

दुलीचंदच्या सुनेनं स्टूल आणलं, भिंतीवरचं चित्र उतरवायला हात वर केला आणि हात तसाच ठेवून मागे वळून म्हणाली, "पर ये तो पिताजी ने बनाया है।" तिच्या बोलण्यात आडकाठी नव्हती, नुसती माहिती होती, जशी घरातल्या गायीबद्दल द्यावी. मी वारासिवनीच्या त्या बैठकीत गादीच्या काठावर बसले होते, घामानं पाठीला लुगडं चिकटलं होतं, आणि समोर भिंतीवर माझ्या नवऱ्याचं आभाळ होतं. खाली गुलाबी, वर जांभळं होत गेलेलं, मधे टिपकागदानं उचललेले तीन ढग. ते आभाळ मी आंधळी झाले तरी ओळखीन. त्याच्या खाली एक भाताची बांधी होती, एक वाकडं मोहाचं झाड होतं, आणि कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं: दुलीचंद, कक्षा सात, १९४०. तेवढ्यात दुलीचंद स्वतः गिरणीतून आला. भुवयांवर कोंडा, धोतराचा सोगा हातात. "नमस्ते मास्टरनीजी। हाथ तो मास्टर साब का लगा था, झूठ नहीं बोलूँगा। आसमान उनका है। पर चित्र मेरा है। पोतों को दिखाता हूँ कि तुम्हारा दादा भी कुछ था। ले जाइए, पर नाम मेरा ही रहने दीजिए।" चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं माझ्या हातात दिलं आणि बसपर्यंत सोडायला माणूस दिला. माणूस वाईट नव्हता. पण बसमध्ये ते चित्र मांडीवर घेऊन बसले, तेव्हा मी घरं मोजली. हे सातवं घर होतं. सातही घरांत मी हेच ऐकलं होतं, आणि सातही घरं खरं बोलत होती.

बालाघाटला नवं सभागृह बांधत होते. त्यातली एक लांब भिंत जिल्ह्याच्या चित्रकाराला द्यायची, असं कोणाच्या तरी मनात आलं, आणि संस्कृती खात्यातला एक तरुण अधिकारी आमच्या ओसरीत येऊन बसला. चहा घेतला, ह्यांच्या पाया पडला. "गुरुजी, पूरे जिले ने आपसे चित्र बनाना सीखा है। पंद्रह चित्र दे दीजिए, पूरी दीवार आपके नाम।" मग मला बाजूला म्हणाला, "माताजी, पंद्रह तो चाहिए ही चाहिए। नहीं तो ऊपर वाले कान्हा के शेरों के फोटो लगाने को बैठे हैं।" हे तेव्हा शहात्तर वर्षांचे. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावा पाय ओढत होते, उजवा हात हलायचा, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतके पिकले होते की डॉक्टर म्हणाला, आता या प्रकृतीला शस्त्रक्रिया नको. त्यांना माणूस सावलीसारखा दिसायचा. तरी त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी घरी आले की पावलांच्या आवाजावरून ओळखून विचारायचे, "किती झाली?" मी म्हणायची, पाच. सहा. सात. भिंतीवर आपलं नाव मोठ्या अक्षरांत असलं तर आपल्याला वाचता येईल, असं त्यांना वाटत होतं.

लोकांना वाटतं, चाळीस वर्षं चित्रं काढणाऱ्या माणसाच्या घरात चित्रांचा ढीग असेल. आमच्या घरात त्यांचं एकही चित्र नव्हतं. त्यांनी काढली खूप. रविवारी पहाटे डबा घेऊन सायकलीवर जायचे, वैनगंगेच्या पात्रात, भरवेलीच्या खाणीकडे, कधी बसनं बैहरच्या घाटात. पण चित्र वाळायच्या आत कोणाची तरी बदली व्हायची. इंग्रजांच्या वेळचे डेप्युटी कमिशनर, मग कलेक्टर, तहसीलदार, जंगल खात्याचे साहेब, शाळा तपासणारे. निरोपाच्या समारंभात हार, नारळ आणि डबीर मास्तरांचं चित्र, असा गावाचा रिवाजच झाला. हेही खूश असायचे. म्हणायचे, "साहेबांच्या बंगल्यात लागेल, चार मोठी माणसं बघतील. इथे कोण बघतंय?" चित्रं साहेबांच्या बिछान्यात गुंडाळून रीवा, सागर, जबलपूर, कुठे कुठे गेली. चार मोठ्या माणसांपैकी एकाचंही पत्र कधी आलं नाही. बैहरच्या घाटात जळलेल्या डोंगरावर एकच पळस फुललेला, असं एक होतं. ते काढताना मी बरोबर होते. त्यात आभाळ जेमतेम दोन बोटं होतं, बाकी सगळा काळा डोंगर, आणि ते चित्र पाहून मला पहिल्यांदाच वाटलं होतं की हा माणूस मोठा आहे. ते चवथ्या दिवशी एका कलेक्टरबरोबर गेलं. या खेपेला मी त्या सगळ्यांना पत्रं लिहिली, ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना. एक उत्तर आलं. एका साहेबांच्या सुनेनं हिंदीत लिहिलं होतं की सासरे वारले, घराला रंग दिला तेव्हा जुनं सामान काढून टाकलं, क्षमा असावी. नागपूरलाही लिहिलं. तिथल्या चित्रकारांच्या मंडळानं कळवलं की आपण मध्य प्रदेशात येता. भोपाळच्या यादीत ह्यांचं नाव कधी नव्हतंच, कारण एकोणीसशे छप्पन्नपर्यंत आमच्या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे राहिली ती विद्यार्थ्यांची चित्रं. गावातल्या घराघरांत काच लावून ठेवलेली, मुलांच्या नावाची, ह्यांच्या आभाळाची.

त्या आभाळाचं कसं होतं ते सांगते. हे नागपूरला शिकले तेव्हा परीक्षा मुंबईची असायची, आणि तिथल्या कोणा गोऱ्या मास्तरानं शिकवलेली आभाळाची रीत नागपूरच्या मास्तरांच्या हातून ह्यांच्या हातात आली. कागद ओला करायचा, फळी तिरपी धरायची, खालून गुलाबी सोडायचा, वरून जांभळा, दोन्ही एकमेकांत शिरले की टिपकागदानं ढग उचलायचे. चार मिनिटं लागत. मुलं वर्गात खालची जमीन, झाडं, झोपडी काढून रांगेत उभी राहायची आणि हे प्रत्येकाच्या कागदावर आभाळ घालायचे. त्यांच्या मते आभाळाशिवाय चित्र म्हणजे अंगण झाडलं आणि सडा घातला नाही. कोणाचा कागद त्यांनी कधी परत पाठवला नाही. ढ मुलाचंही चित्र त्या आभाळानं उजळून जायचं, आईबाप काच लावून घ्यायचे, आणि मुलगा जन्मभर म्हणायचा, हे मी काढलं. लोक म्हणत, केवढा उदार माणूस. मीही म्हणायची. पण असं आभाळ बालाघाटला मी सत्तेचाळीस वर्षांत पाहिलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात आभाळ पांढरं असतं. तव्यावर पाणी टाकल्यावर क्षणभर दिसतं तसं. पावसाळ्यात शिशासारखं, आणि थंडीत नुसतं रिकामं निळं. गुलाबी-जांभळं कुठल्या देशाचं होतं कोण जाणे. सात चित्रं मी ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली तेव्हा मला ते एकदम दिसलं. सात वेगळ्या जमिनी आणि एकच आभाळ. जणू सात घरांवर कोणी एकच चादर ओढली होती.

चारुलता आमच्या गल्लीतलीच, लहानपणी ह्यांच्याकडे शिकायला यायची, आता तिला नातवंडं आहेत. चित्र देताना ती म्हणाली, "काकू, आभाळ गुरुजींचं, हौ. पण नदी माझी आहे. खाली दोघांचं नाव घाला, अर्धं अर्धं." मी म्हटलं, अगं, भिंत त्यांच्या नावाची आहे. ती म्हणाली, "भिंत असू द्या. नदी माझी आहे." आणि हसली. मी हसले नाही, कारण मला माझी नदी आठवली. लग्न होऊन मी अमरावतीहून आले तेव्हा मी अठरा वर्षांची. माहेरी मी थोडं चित्र काढायला शिकले होते, पण ते कोणाला सांगितलं नव्हतं. एका चैत्रात, दुपारी हे शाळेत असताना, त्यांच्याच रंगांनी मी मागच्या दारातून दिसणारं पात्र काढलं. आटलेलं पाणी, वाळूचा पट्टा, त्यात एक बाई झरा खणून वाटीवाटीनं घागर भरते आहे. तीन दुपारी लागल्या. वरचा भाग मी कोरा सोडला, कारण तो तसाच दिसत होता. डोळे ठरत नव्हते त्याच्यावर. तिसऱ्या दिवशी हे घरी आले, चित्र पाहिलं, खरंच आनंदले, म्हणाले, "अगं, तू तर छुपी रुस्तम निघालीस." मी लाजून चहा करायला आत गेले. चहा गाळून बाहेर आले तर हे फळी तिरपी धरून बसले होते आणि गुलाबी रंग वाळूच्या पट्ट्यापर्यंत उतरला होता. "आभाळ राहिलं होतं तुझं," म्हणाले. वाळू थंड झाली होती. त्या बाईला झरा खणायचं काही कारणच उरलं नव्हतं. ते चित्र सौ. कालिंदी डबीर या नावानं प्रदर्शनात लागलं, दुसरं बक्षीस मिळालं, चांदीचा करंडा. मी पुन्हा कुंचला धरला नाही. हे एकदा तरी विचारतील, का गं सोडलंस, म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली. मग वाट पाहायचं विसरले. माणूस चांगला असला की त्याच्यावर रागावता येत नाही, आणि तो राग मग कुठे जातो, तर स्वयंपाकात, भांड्यांत, बोलण्याच्या टोकात.

मे महिन्याच्या अखेरीस चौदा चित्रं झाली. पंधराव्यासाठी मी सगळी घरं पुन्हा मनातल्या मनात फिरून आले, आणि मग एका संध्याकाळी हेच म्हणाले, "पुनाराम म्हणून एक होता. कटंगीकडचा. त्याची रेषा सगळ्यांत चांगली. त्याच्याकडे असेल बघ. आभाळ मीच केलं असेल त्याचं." मी वाती वळत होते. माझा हात थांबला. ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे लबाडी नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की केलं असेल.

अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं कटंगीला निघाले. सकाळची गाडी, तरी पत्रा तापलेला होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे वाळके बुडखे आणि वर तेच पांढरं आभाळ. मला आठवत होतं, आणि मला आठवतं आहे हे मी इतकी वर्षं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. एकोणीसशे चाळीस. जिल्हा प्रदर्शन आठवड्यावर आलेलं, म्हणून रविवारी मुलं कागद घेऊन घरीच आली होती. दुलीचंद होता, आणखी दहाबारा जण. ओसरीत रांग लावून बसले, हे मधे, मगात पाणी, आणि एकेक आभाळ होत होतं. पुनाराम अंगणात पेरूच्या झाडाखाली उभा होता. त्याला कोणी तिथे उभं राहा म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नसे. शाळेतही तो दाराजवळ वेगळ्या पट्टीवर बसायचा. सगळ्यांचं झाल्यावर त्यानं पुढे येऊन आपला कागद खालच्या पायरीवर ठेवला आणि मागे सरला. वाऱ्यानं तो उडायला लागला, म्हणून मी आतून येऊन त्याच्यावर एक दगड ठेवला. दगड मी वरून सोडला, कागदाला बोट लागू न देता. मी सोवळ्यात होते, चुलीवर वरण होतं. ह्यांनी जागेवरूनच मान उंच करून पाहिलं. "छान. रेषा चांगली आहे. ने घरी." आणि कुंचला धुऊन जेवायला आत गेले. मुलगा उभाच. मग मला म्हणाला, "बाई, गुरुजी आभाळ करतीन का?" मी म्हटलं, त्यांची जेवायची वेळ झाली, जा आता. त्याला तहान लागली होती. त्यानं ओंजळ केली आणि मी पायरीवरून, वरून, तांब्यानं पाणी ओतलं. तो गेला. मी चुलीकडे आले आणि माझ्या मनात आलं, सुटला. ह्याचा कागद तेवढा सुटला. तो विचार मी पंचेचाळीस वर्षं जपला. इतका जपला की त्यात माझी काही चूक होती हे त्याच्याखाली दिसेनासं झालं.

पुनाराम गजभिये सिंचन खात्यातून निवृत्त झाला होता. कटंगीच्या बाहेर त्याचं पक्कं घर, दारात जास्वंद, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली एक लहानशी काच, जिच्याकडे मी लगेच पाहिलं नाही. तो उंच, केस पांढरे, चष्म्याची दोरी गळ्यात. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "या बाई. बसा. एवढ्या उन्हात काहून आल्या?" त्याची बायको रुख्माबाई पाणी घेऊन आली, पेला पुढे धरला आणि माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "चालते ना तुमाले?" मी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायले. तहान होती म्हणून प्यायले की ती बघत होती म्हणून, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पुनाराम म्हणाला, "राहू दे वं. त्या मास्तरच्या घरच्या हायेत." रुख्माबाई म्हणाली, "म्हणूनच तं इचारलं."

मी सांगितलं, भिंत आहे, पंधरा चित्रं हवीत, चौदा झाली. तू म्हणावं की तुम्ही, याचा जिभेवर घोळ झाला, आणि त्याला तो ऐकू आला. "तू म्हना बाई. साठ वर्साचा झालो, आता काय बदलता." त्यानं काच उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. बैलांचा तांडा उताराला लागलेला, मागे टेकड्यांची एक ओळ, शिसपेन्सिलीची रेष आणि मातकट रंगाचे दोनच हात. आणि वर काही नाही. कोरा कागद, आता पिवळटलेला. बैलांच्या पाठीवर ऊन होतं. ते ऊन कुठून येत होतं, ते त्या कोऱ्या कागदातून कळत होतं. मी, न विचारता, म्हणून गेले, "तुझं चित्र वाचलं, पुनाराम. बाकी सगळ्यांची त्यांनी आपली केली. तुझं तेवढं तुझं राहिलं."

तो हसला. फार वेळ हसला नाही. "वाचलं? बाई, मले तवा तेच तं पाह्यजे होतं. सगळ्यायच्या कागदावर गुलाबी आभाळ, माह्याच कागद पांढरा. बाकीच्यायचे परदर्शनात लागले. हेडमास्तर म्हने, तुहं अधुरं हाय. इतवारी बजाराच्या रस्त्यानं रडत गेलतो मी. काहून नाई केलं ते मले म्हाईत होतं, तेवढी अक्कल होती. तरी वाटे, एखांद्या दिवशी करतीन. दोन वर्सं तो कागद दप्तरात घेऊन गेलो म्या, रोज." त्यानं चष्मा काढून पुसला. "मंग खात्यात ट्रेसर झालो. तेहतीस वर्सं नकाशे काढले. नकाशात आभाळ नसते. तेवढं बरं झालं." आतून त्याची मुलगी सरिता, कटंगीलाच शाळेत शिकवते ती, म्हणाली, "पापा, दे दो ना। रखके क्या करना है।" तो माझ्या मांडीवरच्या काचेकडे बोट करून म्हणाला, "न्या. पण त्याईले म्हना, आता आभाळ करून द्या. मी आता पायरीखाली उभा नाई. त्याईनं करून देल्लं, मंग लावा भिंतीवर कुटं लावाचं तिथं." रुख्माबाई म्हणाली, "आंधळा झाला म्हणते ना तो मास्तर." पुनाराम म्हणाला, "तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ह्यांना ओसरीत खुर्चीवर बसवलं, समोर टेबल ठेवलं आणि काचेतून काढलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकापर्यंत नेला, मग उजेडाकडे धरला, मग बोटांनी चाचपला. खालच्या भागात रेघा जाडसर लागत होत्या, वर कागद गुळगुळीत. "कोणाचं गं?" मी म्हटलं, पुनारामचं. "आभाळ राहिलंय की याचं," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत मी ऐकला नव्हता असा त्यांचा आवाज झाला, शाळेतला, रविवारचा. "पाणी आण. रंगाची पेटी आण." मी आणली. वड्या तडकल्या होत्या, जांभळा संपला होता, गुलाबीची एक चकती होती. त्यांनी कुंचला बुडवला, रंगावर घासला. एक थेंब टेबलावर पडला. कागद कुंचल्यापासून दोन बोटांवर होता.

पुनारामनं सांगितलेला निरोप मी दिला असता तर बरं झालं असतं. त्यानं मागितलं होतं, हे देत होते, माझं मधे काय होतं. पण मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, "तेव्हा का नाही केलंत?" ते म्हणाले, "कधी?" मग मी सगळं सांगितलं. पेरूचं झाड, खालची पायरी, दगड, तुम्ही जागेवरून मान उंच केली ती, ने घरी म्हणालात ते. कुंचला तसाच वर धरून ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला आठवत नाही." आणि थोड्या वेळानं, "खोटं नाही बोलत गं. नाही आठवत." रस्त्यावरून खाणीचा ट्रक गेला आणि मगातलं पाणी हललं. ते म्हणाले, "तू होतीस ना तिथे?" मी म्हटलं, होते. "मग कागद वर का नाही आणून दिलास?" त्यांनी हे रागानं विचारलं नाही. वर्गात मुलाला पेन्सिलीला टोक का नाही असं विचारावं, तसं विचारलं. "समोर आला असता तर केलं असतं मी. मी कोणाला नाही म्हटलंय कधी?" आणि कुंचला मगात ठेवला. "ठेव. हात हलतो."

सोवळ्यात होते, हे उत्तर तोंडात आलं होतं आणि त्याची चव मला कळली होती. आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

तो अधिकारी तेव्हाच यायचा होता की काय, फाटकाशी जीप थांबली. चौदा चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती, त्यांच्यावरून त्यानं नजर फिरवली, मोजल्यासारखी, आणि टेबलापाशी येऊन थांबला. पुनारामचा कागद उचलून दोन्ही हातांत धरला. "माताजी, ये कहाँ छुपा रखा था? ये तो सबसे अच्छा है। पूरा आसमान खाली छोड़ दिया। मई की दोपहर है ये तो।" मग ह्यांच्याकडे वळून, "गुरुजी, इसको बीच में लगाएँगे। बस, पंद्रह हो गए।" ह्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. त्या पांढऱ्या डोळ्यांनी त्यांना माझी सावली दिसत असेल. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला कळलं की हे असेच बसून राहतील, आणि कोणी वर आणून दिलं तर घेतील. या वेळी मी आणून द्यायचं होतं. त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं, जे मला फार चांगलं जमतं. मी म्हटलं, "हे पुनाराम गजभिये यांचं चित्र आहे. यात ह्यांचा हात नाही." तो म्हणाला, "थोड़ा बहुत तो लगा होगा, माताजी। सब में लगा है।" मी म्हटलं, "कुठेच नाही. बघा." त्यानं पाहिलं. कागद खाली ठेवला. "तो फिर चौदह हुए," म्हणाला, आणि चहा न घेता गेला. भिंत वाघांच्या फोटोंना मिळाली. चौदा चित्रं मी पुढच्या महिन्यात ज्याची त्याला नेऊन दिली. सगळ्यांना बरं वाटलं. दुलीचंदनं तर मला जेवायला घातलं.

मी ते पुनारामसाठी म्हटलं की वाळूत झरा खणणाऱ्या माझ्या त्या बाईसाठी, हे मला सांगता येत नाही. पुनारामला जे हवं होतं ते मी दुसऱ्यांदा मधेच अडवलं, एवढं मात्र कळतं. त्याचा कागद पेटीत ठेवला आहे. छोट्या गाडीनं परत न्यायचा आहे. तो विचारील, केलं का. रुख्माबाई पाण्याचा पेला पुढे करील.

त्या दिवशी जीपचा आवाज गेल्यावर ह्यांनी विचारलं, "किती झाली?" मी म्हटलं, चौदा. त्यांनी मान हलवली, जशी मुलाचा हिशेब बरोबर आला की हलवायचे. मग खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. मी टेबल आवरलं, कुंचला पुसला, पेटी बंद केली. मगातलं पाणी गुलाबी झालं होतं. तो मग घेऊन पायऱ्यांशी आले. पेरूचं झाड केव्हाच गेलं, तिथे आता फरशी आहे. वाकायला गुडघे देत नाहीत. उभ्यानंच, वरून, मी ते पाणी खालच्या पायरीवर ओतलं.